जुन्या पिस्तुलाचं मोल

१

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. मी हत्यारं बाळगणारा माणूस नाही. कचेरीत कारकुनी करतो, संध्याकाळी विहारात पोरांचा अभ्यास घेतो. पिस्तूल पाहिलं ते सिनेमात आणि फौजदाराच्या कमरेला. पण गेल्या उन्हाळ्यात एका मित्राबरोबर जुनं पिस्तूल विकत घ्यायला जावं लागलं. त्या दुकानात जे ऐकलं ते अजून डोक्यातनं जात नाही. ते तुमच्यापुढं मांडतो. पटलं तर घ्या, नाही तर पुढच्या बैठकीत माझी सालटी काढा.

मित्र शाळामास्तर आहे. त्याच्या गावात आपली वीसेक घरं. विहाराच्या जागेवरून गावाशी तंटा लागला. दोनदा रात्री घरावर दगड आले. एकदा विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली. तक्रार दिली. तक्रारीचं पुढं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी त्यानं शस्त्र परवान्याचा अर्ज केला. चकरा मारून चपला झिजल्या, पण परवाना मिळाला. .३२ बोअरचं एक पिस्तूल घ्यायची मुभा.

मग तो माझ्याकडं आला. म्हणाला, "गड्या, जुनं पिस्तूल मिळतंय. किती द्यावेत ते कळत नाही. चल की बरोबर."

मला वाटलं प्रश्न पैशाचा आहे. त्यालाही तसंच वाटत होतं. आमच्या वस्तीत एक निवृत्त सुभेदार राहतात. फौजेत त्यांचा हात कायम हत्यारांच्या दुरुस्तीवर. त्यांना म्हटलं, काका, तुम्हीही चला. तसे तिघं गेलो.

२

दुकानदारानं काचेवर मखमलीचा तुकडा पसरला आणि दोन पिस्तुलं ठेवली. दोन्ही एकाच साच्याची. ब्राउनिंगचं १९१० चं मॉडेल. हा ब्राउनिंग अमेरिकन कारागीर, पण त्याची ही पिस्तुलं बनली बेल्जियममधल्या हेर्स्ताल गावी, एफ. एन. च्या कारखान्यात. चपटं, गुळगुळीत. खिशातून काढताना अडकू नये म्हणून बाहेर घोडाच नाही. मुठीत मॅगझिन, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. चाप ओढला की एक गोळी सुटते, स्लाइड आपोआप मागं जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढं येताना दुसरी गोळी भरते. पुन्हा चाप ओढायचा. याला म्हणतात सेमी-ऑटोमॅटिक.

पहिलं पिस्तूल कारखान्यातून निघालं तसंच होतं. काळीनिळी झिलई मूळची, कडांवर थोडी उडालेली. फ्रेम, स्लाइड आणि नळी, तिन्हीवर एकच नंबर. बेल्जियमच्या तपासणीचे बारीक शिक्के. पहिला मालक कुठल्याशा सरदार घराण्यातला, तसे जुने कागदही होते.

दुसऱ्याची नळी बदललेली. तिच्यावर नंबर वेगळा. झिलई कुणीतरी नव्यानं चढवलेली. मुठीच्या पट्ट्या मूळच्या नव्हत्या, कुण्या कारागिरानं लाकडाच्या करून बसवलेल्या.

पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट सांगितली. आणि दुसऱ्याचीही लाखातच होती.

मास्तरनं विचारलं, "दोन्ही एकाच साच्याची, मग एवढा फरक का हो?"

दुकानदार हसला. "मास्तर, हा खानदानी माल आहे. नंबर जुळतात. सगळं असली. ते दुसरं वाईट नाही, पण मिसळलेलं आहे."

मी मास्तरकडं पाहिलं. मास्तरनं माझ्याकडं. हे शब्द आम्ही आधी कुठं ऐकलेत ते एकमेकांना सांगायची गरज नव्हती. खानदानी. असली. मिसळलेलं. लग्नाच्या बाजारात ऐकतो, भाड्याची खोली शोधताना ऐकतो, मुलाखतीला गेल्यावर न बोलता ऐकतो. लोखंडालाही जात असते हे त्या दिवशी कळलं.

सुभेदारकाकांचं मात्र या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पहिलं पिस्तूल उचललं. मॅगझिन काढलं, स्लाइड मागं ओढली, आत बोट घालून पाहिलं. "हत्यार रिकामंय असं कुणी सांगितलं तरी मानायचं नाही. आपण पाहायचं," एवढंच म्हणाले. मग तोंडाकडची कडी फिरवून स्प्रिंग आणि नळी सुटी केली, नळी उजेडाकडं धरली आणि आम्हालाही डोळा लावायला सांगितला. आत पिळदार खाचा असतात. त्या खाचा गोळीला गरगर फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. पहिल्याच्या नळीत त्या खाचा झिजलेल्या आणि मधे मधे काळे खड्डे. काका म्हणाले, जुन्या काडतुसांच्या टोपीत असे क्षार असायचे की ते नळीत राहून हवेतलं पाणी ओढायचे. त्याच दिवशी गरम पाण्यानं धुतलं नाही तर आतून गंज. सरदारसाहेबांनी बाहेरून पुसलं असेल, आतून नाही.

मग दुसरं उघडलं. नळी बदललेली, म्हणून आत लख्ख. मॅगझिनचे ओठ सरळ, आतली स्प्रिंग ताठ. काका म्हणाले, अशी पिस्तुलं अडकतात ती बहुतेक मॅगझिनपायी. ओठ वाकले की गोळी तिरपी चढते. मुठीच्या मागची दाबपट्टी दाबल्याशिवाय चाप चालता कामा नये, ते तपासलं. सेफ्टी लावून चाप ओढून पाहिला. रिकामं काडतूस ओढणारा आकडा भिंगातून बघितला. स्लाइड हलवून किती खेळते ते पाहिलं. मग फ्रेमवरचा नंबर परवान्याच्या जुन्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. "हा नंबर खोडलेला, घासलेला दिसला तर हात लावायचा नाही. फुकट मिळालं तरी नाही. तो गुन्हाच आहे," म्हणाले.

शेवटी दोन्ही मखमलीवर ठेवली. "फडताळात ठेवायचं असेल तर पहिलं. रात्री उपयोगी पडावं असं वाटत असेल तर दुसरं."

दुकानदार म्हणाला, "सुभेदारसाहेब, बरोबर आहे तुमचं. पण विकायला काढाल तेव्हा पहिल्याचेच पैसे येतील. गुंतवणूक आहे ती."

३

घरी येताना एसटीत मी एकदम फुगलो होतो. म्हटलं, मिळाला पुरावा. बघा, ब्राह्मण्य कसं लोखंडातसुद्धा शिरलंय. जे चालत नाही ते थोर, कारण त्याचा नंबर जुळतो. जे चालतं ते हलकं, कारण ते मिसळलंय. यावर आपल्या अंकात दणकून लेख लिहितो.

सुभेदारकाकांनी हवा काढून घेतली. म्हणाले, "नंबर जुळण्याला अर्थ नाही असं नको लिहूस. अर्थ आहे. नव्यानं झिलई चढवली की खालचे गंजाचे खड्डे घासून बुजवता येतात. अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकाचे काठ बशीसारखे खोलगट होतात, त्यावरून ते कळतं. मूळ झिलई असली की लोखंड काही लपवत नाही. नंबर जुळले की भाग एकमेकांशी बसवून तपासलेले आहेत एवढी खात्री मिळते. तो पुरावा आहे."

मित्रांनो, इथं मी अडलो. आणि अडलो ते बरं झालं. कारण आपण नेहमी म्हणतो, जन्मावरून किंमत ठरवू नका. पण जन्म, घडण, आधीचा इतिहास यातून वस्तूबद्दल काहीच कळत नाही असं नाही. जुनी सायकल घेताना आपणही विचारतोच, कुणाची होती, कुठं चालवली. मग चूक नेमकी कुठं होते?

माझं उत्तर असं. मूळ काय हा प्रश्न विचारणं चूक नाही. त्याचं उत्तर म्हणजेच किंमत असं धरणं चूक. नंबर जुळतो म्हणून नळी चांगली असेल, हा अंदाज झाला. अंदाज नळी उघडेपर्यंत कामाचा. नळी उघडली, उजेडाकडं धरली, आत खड्डे दिसले, की अंदाजाचं काम संपलं. तरीही जो म्हणतो, असू दे खड्डे पण नंबर जुळतो, त्यानं पुराव्याला पूज्य करून टाकलं. तिथून पुढं ती तपासणी राहत नाही, ती वंशावळ होते.

आता माणसाकडं या. वरचे लोक आज उघडपणे म्हणत नाहीत की तू नीच आहेस. ते म्हणतात, आम्ही फक्त अंदाज करतो. तुमच्या घरात शिक्षण नव्हतं, तेव्हा तुम्हाला जमणार नाही असा अंदाज. बरं. मग नळी उघडून बघा की. परीक्षा घ्या, काम देऊन पाहा. पाहतात आणि काम उत्तम निघतं. तरी अंदाज जिथल्या तिथं. म्हणजे तो अंदाज कधीच नव्हता. तिकडं नळीत खड्डे निघाले तरी किंमत उतरत नाही. इकडं नळी लख्ख निघाली तरी चढत नाही. ज्या मताला कुठलाही पुरावा हलवू शकत नाही त्याला मत म्हणू नका. त्याला जात म्हणा.

लोखंडाच्या बाबतीत हौशी माणसानं असं वागलं तर कुणाचं काही बिघडत नाही. त्याचे पैसे, त्याचं फडताळ. पण आपण बाजारात हा हिशेब शिकतो आणि माणसांवर लावतो, की माणसांवर शिकतो आणि लोखंडावर लावतो? मला दुसरं खरं वाटतं.

४

आता दुसरा सवाल. दुसरं पिस्तूलसुद्धा लाखात का? त्यात पाऊण किलोसुद्धा पोलाद नाही. तसलंच जुनं पिस्तूल अमेरिकेत काही शे डॉलरला मिळतं.

कारण साधं आहे. आपल्याकडं १९८० च्या दशकात साध्या परवानेवाल्याला परदेशी हत्यार आणायची वाट बंद झाली. जी आधी आली होती तीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतात. नवं घ्यायचं तर बरीच वर्षं सरकारी कारखान्याचंच मिळायचं. नऊ मिलिमीटरसारखे बोअर साध्या माणसाला मनाई, म्हणून गर्दी सगळी .३२ वर. माल वाढत नाही, गिऱ्हाईक वाढतं, किंमत चढते. म्हणजे त्या किमतीतला थोडा भाग पोलादाचा, थोडा कारागिरीचा आणि मोठा भाग बंद दाराचा.

बंद दाराचे पैसे कुणाला मिळतात? ज्याच्या घरी दार बंद होण्याआधीच पिस्तूल होतं त्याला. आणि आधी कुणाच्या घरी होतं? १८७८ चा शस्त्र कायदा आठवा. गोऱ्या लोकांना आणि बड्या मानकऱ्यांना सूट, बाकी मुलुखाला परवान्याची सक्ती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. पण परवाना द्यायचा की नाही हे साहेबाच्या मर्जीवर, आणि साहेबाच्या ओट्यावर ऊठबस कुणाची? वाड्यातल्यांची.

याच्याही मागं जा. १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये विचारलं होतं, इथल्या खालच्या माणसानं एवढा जुलूम सोसला, बंड का केलं नाही? त्यांचं उत्तर रोखठोक होतं. चातुर्वर्ण्यानं त्याला हत्यार नाकारलं, विद्या नाकारली, धन नाकारलं. हत्याराशिवाय बंड कसं करणार? म्हणजे हत्यार नसणं हा आपल्या स्वभावाचा सौम्यपणा नव्हता. तो कायदा होता, धर्माच्या नावाचा. १८१८ च्या कोरेगावात कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले. त्याच शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची भरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर फौजी, १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहीत होते. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तो दरवाजा पुन्हा उघडला. सुभेदारकाका त्याच दारातून आत गेलेले. त्यांच्या बोटांना नळी वाचता येते ती त्यामुळं.

तेव्हा मास्तर लाख रुपये मोजतो ते कशाचे मोजतो हे समजून घ्या. ज्या दाराबाहेर त्याला पिढ्यान् पिढ्या उभं केलं, त्याच दाराचं भाडं तो भरतो. आणि ते भाडं जातं आतल्यांच्या खिशात.

५

आपल्यातले काही तरुण इथं उठून म्हणतील, म्हणूनच म्हणतो हत्यार घ्या. १९७२ ला आपल्या लोकांनी पँथर हे नाव काही उगाच घेतलं नाही.

नाव जिथून आलं तिथली गोष्ट पुरती पाहू. अमेरिकेतही पिस्तुलाचं मोल हातावरून ठरतं. १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब टाकला. किंगनं पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला. अहिंसेचा पुढारी, घरात बायको आणि तान्ही पोर. परवाना नाकारला. १९६४ मध्ये लुईझियानातल्या जोन्सबरो गावी काळ्या कामगारांनी आणि माजी सैनिकांनी 'डीकन्स फॉर डिफेन्स' ही टोळी बांधली. त्यातले लोक बंदुका घेऊन रात्री वस्तीवर पहारा द्यायचे. १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. त्यांनी कायदा वाचला होता. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगायला तेव्हा बंदी नव्हती. पँथर बंदुका घेऊन पोलिसांच्या गाडीमागून फिरत, अंतर राखून, कायद्याची कलमं म्हणत. १९६७ च्या मे महिन्यात ते तसेच सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी गव्हर्नर रेगननं मलफर्ड कायद्यावर सही केली आणि भरलेली बंदूक उघड बाळगणं गुन्हा झालं. जे गोऱ्याच्या हातात हक्क होतं ते काळ्याच्या हातात आल्याबरोबर धोका ठरलं. पोलाद तेच, नंबर तोच.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती या सगळ्याहून वाईट आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या सॅनफर्डला ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा दुकानातून परत येत होता. हातात हत्यार नव्हतं. जॉर्ज झिमरमन या पहारा देत फिरणाऱ्या माणसाशी झटापट झाली आणि त्यानं पोराला गोळी घातली. २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. पिस्तूल त्याला परत मिळालं. २०१६ मध्ये त्यानं ते लिलावात काढलं. नऊ मिलिमीटरचं साधं सेमी-ऑटोमॅटिक, वापरलेलं, ज्याला बाजारात दोन-तीनशे डॉलर आले असते. ते अडीच लाख डॉलरला गेल्याच्या बातम्या आल्या.

मित्रांनो, हिशेब करा. वरची सगळी रक्कम कशाची? नळीची नाही. मॅगझिनची नाही. ती एका काळ्या पोराच्या मरणाची किंमत. आणि ती पोराच्या आईला मिळाली नाही, मारणाऱ्याच्या बाजूला गेली. दुकानदार म्हणतो तो 'इतिहास' हाच. हौशी बाजारात हत्यारानं मारलेलं माणूस त्याची किंमत वाढवतं. १९१४ मध्ये साराजेव्होत आर्चड्यूकला मारलं ते याच १९१० च्या मॉडेलचं पिस्तूल होतं. आज ते व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. त्याचं मोल आता कोण करणार? १९४८ ला गांधीजींच्या खुनासाठी ग्वाल्हेरहून आणलेलं बेरेटा पिस्तूलही जुनं, वापरलेलंच होतं.

आपल्या १९७२ च्या पँथरांनी तिकडचं नाव घेतलं, बंदूक घेतली नाही. त्यांची हत्यारं म्हणजे मोर्चा, सभा, कविता आणि असलीच हातानं काढलेली पानं. त्यांच्यावर मात्र दगड पडले. १९७४ च्या जानेवारीत मुंबईत मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. त्या दगडाला किंमत नव्हती, नंबर नव्हता आणि परवानाही लागत नव्हता. आपल्याला मारायला महाग हत्यार लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

६

मग मास्तरनं घ्यावं की नाही?

मास्तरची आई विहारात रोज पंचशील म्हणते. तिनं मला विचारलं, "बाबा, हे घरात आलं तर मी पहिलं शील कसं म्हणू?" मी गप्प. मग शोधून पाहिलं. अंगुत्तर निकायात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितलेत. त्यातला पहिला शस्त्रांचा. व्यापार. स्वतःपुरतं एक घेणं म्हणजे व्यापार नव्हे, असं कुणीही म्हणेल. पण दुकानदाराचं वाक्य आठवा, 'गुंतवणूक आहे ती'. हत्याराची किंमत पुढं चढेल म्हणून ते घेतलं, की तुम्ही त्या पहिल्या व्यापारात शिरलात. कारण मग तुम्हाला मनातून हवं असतं की भीती वाढावी, दार बंदच राहावं, गिऱ्हाईक घाबरून यावं. म्हणून पहिलं पिस्तूल, ते खानदानी, आपल्याला वर्ज्य. ते चालत नाही म्हणून नव्हे. ते दुसऱ्याच्या भीतीवर वाढतं म्हणून.

दुसऱ्याचं काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये एक भेद दाखवलाय. मारण्याची इच्छा वेगळी, मारण्याची गरज वेगळी. बुद्धानं इच्छेला मनाई केली. गरज आहे की नाही हे माणसानं आपल्या बुद्धीनं ठरवायचं. हा भेद वाचायला सोपा आहे, रात्री दोन वाजता दारावर दगड पडल्यावर फार अवघड. म्हणून गरजेचा हिशेब दिवसा, चार माणसांत बसून करावा. तो आम्ही केला तो असा.

सात गोळ्या. समोर शंभर माणसं असतील तर सात गोळ्यांनी काय होतं? २००६ चं खैरलांजी डोळ्यांपुढं आणा. तिथं जमाव होता, आणि आधीपासून माहीत असलेला धोका रोखायला यंत्रणा आली नाही. दुसरं, गोळी सुटली आणि समोरचा पडला तर पुढं काय? स्वसंरक्षणाचा हक्क दंड संहितेत होता, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पण पंचनामा कोण लिहिणार, साक्षीदार कोण होणार? आपल्या हातातलं पिस्तूल कोर्टात स्वसंरक्षणाचं ठरेल की नक्षलवादाचं, याचा भरवसा कुणी द्यावा? तिसरं, घरातली माणसं. अमेरिकेतल्या संशोधनांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय की घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येनं मरण्याचा धोका वाढतो. मास्तरच्या घरात दहावीला बसलेला पोरगा आहे. ही किंमत कुठल्याच दुकानाच्या पावतीवर छापलेली नसते.

आणि दुसऱ्या पारड्यात एकच गोष्ट. पोलीस चौकी अठरा किलोमीटर, आणि चौकीवर फोन उचलतात तो आधी आवाजातलं आडनाव ऐकून. मी शहरात राहतो. माझ्या गल्लीच्या तोंडाशीच चौकी. मी मास्तरला अहिंसा शिकवायची, तर ती मला फुकट पडते. त्याला पडत नाही. म्हणून मी 'घेऊ नको' म्हणू शकलो नाही. 'घे' म्हणतानाही जीभ जड झाली.

मास्तरनं दुसरं घेतलं. मिसळलेलं. काडतुसं आणि पिस्तूल वेगवेगळ्या कुलपात, किल्ली आईकडं. ही अट आईनंच घातली. "मारायचं की नाही ते मला विचारून ठरव," म्हणाली. मास्तरनं मान्य केलं. त्यानं भिंतीवर काही लावलं नाही, मित्रांना दाखवलं नाही, फोटो काढला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातल्या काहींना मोबाइलवर पिस्तूल धरून फोटो काढायची खाज आहे. ती गरज नव्हे. ती वाड्यातल्यांची नक्कल.

आता शेवटचं, आणि ते तुमच्यासाठी. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ काढून वाचा. अत्याचार होण्याचा धोका असलेल्या भागात सरकारनं काय करायचं ते तिथं ओळीनं लिहिलंय. गरज वाटली तर आपल्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत, हे त्यात आहे. मास्तरनं त्याच बोटावर अर्ज केला. पण त्याच्या आधीचं कलम बघा. गरज वाटली तर तिथल्या, अनुसूचित जाती-जमातींत नसलेल्या माणसांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करावेत आणि ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. हेही लिहिलंय, आणि आधी लिहिलंय.

आम्ही मास्तरच्या परवान्यासाठी दोन वर्षं झिजलो. वाड्यातली बंदूक जमा करा, असा एक अर्जसुद्धा आम्ही दिला नाही. सुचलंच नाही. सगळं डोकं आपल्या हातात पिस्तूल कसं येईल यात. त्यांच्या हातातलं खाली कसं ठेवता येईल याचा विचारच केला नाही, आणि तो सगळा खर्च एकट्या मास्तरच्या फंडातून गेला.

म्हणून या महिन्यात प्रत्येक शाखेनं एक काम करावं. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज टाका. आपल्या जिल्ह्यात नियम ३ खाली कुठली गावं ठरवली? किती परवाने रद्द केले? किती हत्यारं जमा झाली? किती आपल्या माणसांना परवाने दिले? उत्तरं आली की इथं छापू, शून्य असली तर शून्य छापू. अर्जाची एक प्रत मास्तरच्या गावाकडं पाठवा. तिथला अर्ज आम्ही सोमवारी देतोय.